डोहाचा दुभाष्या

ज्या वर्षी माझ्या लेकीला, सुगंधाला, पहिला मुलगा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला असेल नसेल. मी चिंचबोडी खाणीच्या कंट्रोल रूममध्ये बसलो होतो आणि समोरच्या टेबलावर नागपूरहून आलेल्या हस्तक साहेबांनी एक काळी डबी ठेवली होती. चुन्या-तंबाखूच्या डबीहून थोडी मोठी, दोन्ही बाजूंना केबल लावायच्या खाचा असलेली.

"लाव पाहू," देवतळे साहेब उभ्याउभ्याच म्हणाले. ते आमच्या खाणीचे मॅनेजर.

हस्तक साहेबांनी केबल लावली. खाचेत ती अशी बसली, जणू तिच्यासाठीच घडवली होती.

"बसली का नाही? मग आता घोडं कुठं अडलं?"

"बसली साहेब," हस्तक म्हणाले. "पण बसणं वेगळं आणि बोलणं वेगळं."

देवतळे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या पोराचं काय करावं, असा चेहरा होता. मी नजर स्क्रीनकडे वळवली. माझं काम आकडा वाचायचं होतं.

माझी सगळी उमर खाणीच्या पोटात, पंपावर गेली. छातीत कोळशाची धूळ बसली तेव्हा डॉक्टरांनी मला वर काढलं. अक्षरं मी पन्नाशीकडे झुकल्यावर शिकलो, खाणीच्या सभागृहात साक्षरतेचा वर्ग भरायचा तिथे. लखमाजी मडावीला आता आकडे वाचता येतात, म्हणून मला या खुर्चीवर बसवलं. खाली माझ्या जागी माझा जावई लागला, पुरुषोत्तम कुमरे.

आमची खाण उताराची. तोंडातून आत शिरलं की पायी पायी खाली जायचं. सगळ्यात खाली पाणी साठायची जागा होती, तिला आम्ही डोह म्हणायचो. डोहाच्या भिंतीवर मीटरची पट्टी रंगवलेली. पंपवाल्याने पट्टी पाहायची, फोनवरून वर सांगायचं, आणि पाणी चढलं तर दुसरा पंप लावायचा. एवढ्यावर खाण कोरडी राहायची. आता कंपनीने वर नवा कॉम्प्युटर आणला होता. डोहाजवळच्या जुन्या पॅनेलमधून पाण्याचा आकडा सरळ स्क्रीनवर यावा, आणि पाणी चढताच कॉम्प्युटरनेच पंप चालू करावा, असा बेत होता. अडचण एकच होती. पॅनेल जुनं, कॉम्प्युटर नवा, आणि दोघांची बोली निराळी. मध्ये एक डबी हवी होती, आणि ती कोणती घ्यायची हे ठरवायला नागपूरहून हस्तक साहेबांना आणलं होतं. मुकुंद हस्तक. तिशीच्या आतला माणूस, लग्न व्हायचं होतं, आई तिकडे नागपुरात महाल भागात एकटी राहायची.

देवतळे साहेब गेल्यावर मी त्यांना म्हणालो, "साहेब, म्हणजे आमच्या बाजारातला दुभाष्या म्हणा ना जी."

माझी आई गोंडीशिवाय दुसरं बोलायची नाही. बाजारातले व्यापारी तेलुगू. मोहफुलं आणि चारोळी विकायची तर मध्ये एक म्हातारा बसायचा, त्याला दोन्ही बोली यायच्या. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं.

"अगदी तसंच काका. पण त्या म्हाताऱ्याला धीर होता का?"

"होता तर. माझी माय एक गोष्ट सांगायले अर्धा घंटा घेत जाय."

"आपलं पॅनेल तुमच्या आईसारखं आहे. विचारलं की सावकाश सांगतं. ही नागपूरच्या बाजारातली डबी घाईची आहे. उत्तर यायला उशीर झाला तर ही काय करील, ते मला माहीत नाही."

"काय करन? गप्प राहीन."

"गप्प राहिली तर देव पावला," ते म्हणाले. "जुन्याच आकड्यावर नंदीबैलासारखी मान हलवत राहिली तर?"

पुण्याचा एक कारखानदार अगदी आमच्या पॅनेलसाठी डबी बनवून द्यायला तयार होता. पण ती दिवाळीनंतर मिळणार होती. आणि आमच्या खाणीत नवं यंत्र दसऱ्यालाच सुरू करायची रीत. त्या दिवशी पंपांना, ट्रॉलीला, ड्रिलला झेंडूचे हार पडतात, हळदकुंकू लागतं. त्यातून या दसऱ्याला मोठे साहेब येणार होते. बटण त्यांच्या हाताने दाबायचं ठरलं होतं.

हस्तक साहेब देवतळे साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. दिवाळीच्या पाडव्याला सुरू करू, तोही मुहूर्तच आहे, असं ते म्हणत होते. देवतळे साहेब शांतपणे म्हणाले, "पाडव्याला मुहूर्त येतो बाप्पा, मोठे साहेब येत नाहीत." मग बराच वेळ बोलणं चाललं. नागपूरच्या डबीच्या कागदावर हस्तक साहेबांनी अखेर सही केली, पण एक अट घालून. पुण्याची डबी येईपर्यंत डोहावरचा माणूस हलवायचा नाही. तो पट्टी पाहील, फोनवर सांगील, मी स्क्रीन वाचीन, आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. देवतळे साहेबांनी ते मान्य केलं. माणूस वाईट नव्हता. त्याला दसरा साधायचा होता, एवढंच.

दसऱ्याला सगळं थाटात झालं. खालच्या पॅनेलला एक चावी होती. ती एका बाजूला फिरवली की पंप हाताने चालायचे, दुसऱ्या बाजूला फिरवली की कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचे. सकाळीच ती कॉम्प्युटरकडे फिरवून वर आणली आणि पूजेच्या ताटात ठेवली. मोठ्या साहेबांनी तिला कुंकू लावलं, ती देवतळे साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हिचं काम संपलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चावी देवतळे साहेबांच्या कपाटात गेली. मग बटण दाबलं आणि स्क्रीनवर आकडा उमटला. खाली पंप पाणी ओढत होता तसा आकडाही उतरत होता. तीन-चाळीस, तीन-अडतीस. मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आपट्याची पानं वाटली, पेढे वाटले. हस्तक साहेबही हसत होते. मला वाटलं, यांच्या मनातला खडा निघाला.

दोन-चार दिवसांत आकडा तीन-वीसवर आला आणि तिथेच राहिला.

आमच्या पंपवाल्यांत एक म्हण आहे, "सोनं लुटलं, पाणी बसलं." पावसाळाभर डोह श्वास घेतल्यासारखा चढतो-उतरतो. दसऱ्याला आपट्याचं सोनं वाटलं की तो निवतो. मग एक पंप त्याला महिनोन् महिने एका जागी धरून ठेवतो. माझ्या आधीचे म्हणायचे, मी म्हणायचो, आणि आता पुरुषोत्तम म्हणायचा. तासातासाने त्याचा फोन यायचा, "मामाजी, तीन-वीस." मी स्क्रीन पाहून म्हणायचो, "तीन-वीस." हस्तक साहेब बाजूला उभे राहून ऐकायचे आणि निघून जायचे.

एका दुपारी शिफ्ट संपवून पुरुषोत्तम वर आला. तोंड काळं, हातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळणं चालू. हस्तक साहेब माझ्याशी बोलत बसले होते. तो दारातूनच म्हणाला, "साहेब, तुमची डबी आमच्याहून शहाणी निघाली. मी सांगाच्या पहिलेच तिले ठाऊक राह्यते."

"तेच तर," हस्तक म्हणाले.

"तेच तर काय? जुळून राहिलं ना सारं?"

"पुरुषोत्तम, बसलेलं पाणी आणि अडकलेला आकडा, दोन्ही वरून सारखेच दिसतात. पाणी हललं तरच मला कळेल, ही डबी बोलते आहे की मान हलवते आहे."

पुरुषोत्तम हसला. "मंग शिमग्यापर्यंत वाट पाहा. सोनं लुटलं, पाणी बसलं. आता त्याले देव बी हलवत नाही."

साहेबही हसले. पण त्याच दिवशी ते देवतळे साहेबांकडे गेले. पंप थोडा वेळ बंद ठेवू, पाणी मुद्दाम चढवू आणि आकडा चढतो का ते पाहू, असं त्यांनी मागितलं. देवतळे साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत कोळसा काढायचा आहे, त्यात पाणी चढवायचा खेळ नको. तुझी पुण्याची डबी आली की काय पाहायचं ते पहा.

इकडे घरी बाळ अशक्त होतं, म्हणून बाराव्या दिवशी पाळणा हलला नव्हता. आता ते बाळसं धरायला लागलं होतं. बारसं वसुबारसेच्या आदल्या दिवशी करायचं ठरलं. पुरुषोत्तमला रजा हवी होती. पण पंपावर दुसरा माणूस नव्हता, उरलेले सगळे दिवाळीपूर्वीच्या घाईत कोळशावर लावले होते. देवतळे साहेबांनी सांगितलं, एका शिफ्टला डोह मोकळा राहू दे, स्क्रीन आहे ना. हस्तक साहेबांना ते पटलं नाही. ते पुरुषोत्तमला म्हणाले, "पहिल्या पोराचं बारसं एकदाच होतं. तू घरी थांब. मी बसतो डोहावर."

"तुम्ही कायले जी?"

"मलाही त्याच्याशी दोन शब्द बोलायचेच आहेत. माझ्या वाटच्या घुगऱ्या ठेव म्हणजे झालं."

त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. पाळी संपवून घरी जायचं आणि संध्याकाळी पाळणा. हस्तक साहेबांनी दिवा घेतला आणि खाणीच्या तोंडाशी फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवला. जो खाली जातो तो आपला बिल्ला लावतो, वर आला की काढून घेतो. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. पण कोणाचा कोणता ते सगळ्यांना पाठ असतं.

खाली पोचल्यावर त्यांचा फोन आला. "काका, किती?"

"तीन-वीस."

"इथेही तीन-वीस. घरी तयारी झाली का?"

मी म्हणालो, बायकांनी कालपासून घर डोक्यावर घेतलं आहे. ते हसले. पुढचे दोन फोनही तसेच झाले. मग जेवणाच्या सुट्टीच्या आधी फोन वाजला.

"काका, किती?"

"तीन-वीस."

"नीट पाहा."

"नीटच पाहून राहिलो साहेब. तीन-वीस."

मग ते म्हणाले, "इथे चार मीटर आहे."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, चारच्या वर. पाणी काळं आहे आणि डाव्या भिंतीतून येतं आहे. मी समजलो. डाव्या भिंतीपलीकडे शेजारची जुनी, बंद पडलेली खाण होती. वर्षानुवर्षं तिच्यात पाणी साठलेलं होतं. ते कोणत्या दसऱ्याला ओळखणार?

"दुसऱ्या पंपाचा दिवा लागला का?"

"नाही साहेब."

"लागणार नाही. कॉम्प्युटरला वाटतं पाणी तीन-वीसच आहे. देवतळे साहेबांना बोलवा आणि माणसं बाहेर काढा. सगळी."

देवतळे साहेब धावत आले. आल्या आल्या त्यांनी स्क्रीन पाहिली. "तीन-वीस तर आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. मी फोन त्यांच्या हातात दिला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हात लांब करून भोंग्याचं बटण दाबलं.

कोळशावरची माणसं वर यायची वाट डोहाजवळच्या सखल भागातून होती. ती पार होईपर्यंत पाणी अडवून धरायला हवं होतं, म्हणजे दुसरा पंप चालायला हवा होता. पॅनेलवर हाताने दाबायचं एक बटण होतं. ते दाबून धरलं तर पंप चालायचा. बोट काढलं की कॉम्प्युटर तो बंद करायचा, कारण त्याच्या लेखी पाणी तीन-वीसच होतं. आणि चावी कपाटात होती.

देवतळे साहेब कपाटाकडे धावले. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. पंपाची घरघर ऐकू येत होती. हस्तक साहेब एका हाताने बटण दाबून, दुसऱ्या हातात फोन धरून बोलत होते. "माणसं माझ्या समोरून जात आहेत काका. कमरेइतकं आहे, जाताहेत." मग म्हणाले, "पुरुषोत्तमला कळू देऊ नका. पाळणा होऊ द्या."

पण भोंगा साऱ्या वसाहतीत ऐकू जातो. तो कोणाला कळू द्यायचा आणि कोणाला नाही, हे आपल्या हातात नसतं.

मी खिडकीतून खाणीच्या तोंडाकडे पाहिलं. माणसं बाहेर येत होती, ओली, एकमेकांना धरून. जो येईल तो फळीवरचा बिल्ला काढत होता. देवतळे साहेब चावी हातात घेऊन उभे होते आणि आत जाऊ पाहत होते. दोघांनी त्यांना धरलं होतं. वसाहतीकडून पुरुषोत्तम पळत आला. अंगात नवा सदरा, कपाळावर ओला टिळा. त्याने कोणाला काही विचारलं नाही. सरळ फळीकडे पाहिलं. तिथे एकच बिल्ला उरला होता.

मी फोन टेबलावर ठेवून जमेल तसा तिकडे गेलो. माझी छाती मला पळू देत नाही. मी पोचलो तेव्हा त्याने देवतळे साहेबांच्या हातातली चावी घेतली होती. तिच्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

"पुरुषोत्तम," मी म्हणालो, "घरी पाळणा मांडला आहे."

"चावीच तं द्यायची हाय मामाजी. आलोच."

कोणाचा तरी दिवा घेऊन तो आत उतरला. त्याच्याजवळ बिल्ला नव्हता. त्या दिवशी तो कामावर नव्हता.

मी परत येऊन फोन उचलला. घरघर चालूच होती. मी म्हणालो, "साहेब, चावी येऊन राहिली."

"कोण आणतंय?"

मी खिडकीतून फळीकडे पाहिलं.

"काका, कोण आणतंय?"

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. बराच वेळ नुसती घरघर आणि पाण्याचा आवाज. मग घरघर थांबली. मी फोन कानावर घट्ट दाबला. पण पंप पुन्हा सुरू झाला. आता तो एका दमात, न अडखळता चालत होता, जसा माझ्या दिवसांत चालायचा. हे कसं झालं, मला कळलं नाही. थोड्या वेळाने तोही आवाज गेला आणि फोन मुका झाला. मी तसाच उभा राहिलो. समोर स्क्रीनवर तीन-वीस होतं. संध्याकाळी पाणी अर्धी खाण चढून आलं तेव्हाही तीन-वीसच होतं. शेवटी कोणीतरी वायर ओढून ती बंद केली.

चौकशीला दोन अधिकारी बाहेरून आले. त्यांनी मला समोर बसवलं.

"स्क्रीनवर आकडा दिसत होता ना?"

"दिसत होता."

"तुम्हाला वाचता येतं?"

"येतं जी."

"शेवटपर्यंत दिसत होता?"

"शेवटपर्यंत."

"मग यंत्रणा बंद नव्हती," एक जण दुसऱ्याला म्हणाला. मी सांगत होतो की साहेबांना ती डबी नको होती, त्यांनी पाडव्यापर्यंत थांबा म्हटलं होतं. ते म्हणाले, जेवढं विचारलं तेवढंच सांगा. डबी निवडल्याच्या कागदावर हस्तक साहेबांची सही होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. दोष त्यांच्यावर गेला. देवतळे साहेबांची बदली झाली. जायच्या आधी ते माझ्या घरी आले, ओट्यावर बसले, पाणीही न पिता उठून गेले.

हस्तक साहेबांची आई नागपूरहून आली होती. तिने एकच विचारलं, त्याने काही खाल्लं होतं का. मी म्हणालो, डबा नेला होता. तो उघडला का नाही, हे मला कुठून माहीत असणार? पण ती तेवढ्यावर मान हलवत राहिली.

दिवाळीनंतर पुण्याची डबी आली. खाणीत पाणी होतं आणि ती लावायला जागा राहिली नव्हती. स्टोअरच्या माणसाने ती फळीवर ठेवून दिली. मी एकदा जाऊन पाहिली. रंग राखाडी होता. खाचा अगदी तशाच होत्या.

होळीच्या सुमारास पाणी उपसून माणसं डोहापर्यंत गेली. मलाही नेलं, ओळख पटवायला. दोघे पॅनेलशी होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. चावी कुलुपात होती. हाताने चालवायच्या बाजूला पूर्ण फिरवलेली होती. म्हणजे पुरुषोत्तम पोचला होता. साहेबांनी बटणावरून बोट काढलं होतं, आणि दोघांना निघता येईल एवढा वेळ तेव्हा उरला नव्हता.

खाण नंतर उघडली नाही. वसाहत पांगली. सुगंधाच्या पोराचा पाळणा पुन्हा कोणी मांडला नाही. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांना म्हणालो, तुम्हीच लिहा काही. त्यांनी काहीतरी लिहिलं. घरी आम्ही त्याला अजून बाळच म्हणतो.

मुकुंद विनायक हस्तक आणि माझा जावई पुरुषोत्तम डोमाजी कुमरे हे दोघे त्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुपारी, चिंचबोडी खाणीच्या डोहात वारले.